पाठ न लावलेली भिंत

आमच्या घराण्यात भिंत पुरी झाली हे तोंडानं सांगायची पद्धत नव्हती. शेवटचा थर वाळला, माळवदाचा, म्हणजे वरच्या सपाट मातीच्या छताचा, भार भिंतीवर आला, की बांधणारा अंघोळ करून यायचा, आतल्या बाजूनं भिंतीला पाठ लावून मांडी घालायचा आणि तिथंच बसून भाकरी खायचा. घरधनी, त्याची माणसं, शेजारीपाजारी दारातून बघत उभे राहायचे. भाकरी संपवून तो उठला की मगच घरातली बाई चूल आत न्यायची. पडायची असेल तर बांधणाऱ्यावर पडू दे, असा त्यातला हिशेब. तालमीत पाठ लागली की माणूस हरतो, आमच्याकडं पाठ लावली की जिंकतो, असं आबा, म्हणजे माझे वडील, गमतीनं म्हणायचे. ते गमतीनं फारसं काही म्हणत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

नवशिक्याच्या पहिल्या भिंतीला मात्र त्यानं स्वतः पाठ लावायची नाही. ती शिकवणाऱ्यानं लावायची. माझ्या पणजोबांनी आजोबांच्या भिंतीला लावली, आजोबांनी आबांच्या. आबांनी माझ्या चुलतभावाच्या भिंतीला लावली तेव्हा मी दारात उभा होतो. भाकरीबरोबर त्यांनी कांदा फोडून खाल्ला होता, हेही मला आठवतं.

माझ्या भिंतीला लावली नाही. आबांचं तेव्हा जे वय होतं ते मी कधीच ओलांडलं, पण ही गोष्ट लिहायला बसलो की अजून कानशिलं तापतात.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, माळावरचं. दगड पैशाला पासरी, पण तो फोडून घर बांधणं ऐपतवाल्याचं काम. बाकी सगळे मातीत राहत. भिंतीला कुठलीही माती चालत नाही. काळी फुगते आणि भेगा पाडते, तांबडी पावसाबरोबर वाहून जाते. भिंतीला लागते पांढरीची माती. पांढर म्हणजे उठून गेलेलं जुनं गाव. आमच्या गावाच्या मावळतीला तसं एक टेकाड होतं. ते गाव कुणी म्हणे पटकीनं उठलं, कुणी म्हणे पाण्यावाचून. उठलं एवढं खरं. तिथल्या चुलींची राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंती, सगळं एकजीव होऊन पिठासारखी मऊ माती झालेली. ती आणायची, काड आणि शेण घालून पायांनी तुडवायची, दोन रात्री मुरू द्यायची आणि हातांनी थर चढवायचे. फळ्या नाहीत, साचा नाही. म्हणजे मेलेल्या गावाची घरं खणून आम्ही जित्या गावाची घरं बांधत होतो. लहानपणी त्याचं काही वाटत नसे. दिवस कलला की टेकाडावर कुणी थांबत नसे, इतकंच.

एका दिवसाला एकच थर, हातभर उंचीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्या थरावर थाप मारायचे आणि कान लावायचे. ओला थर मुका असतो, वाळलेला बोलतो. तो बोलल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही. हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि चुलतभावापेक्षा चांगलं शिकलो. त्याचा कान जाड होता. तो आबांच्या तोंडाकडं बघून मान हलवायचा.

खणताना टेकाडातून काय काय निघायचं. खापरं, जात्याच्या तळ्या, गुरांची हाडं. ती बाजूला टाकायची आणि काम पुढं न्यायचं. पण बांगडी निघाली, एक तुकडा जरी निघाला, तरी थांबायचं. त्या दिवशी त्या मातीला पाय लावायचा नाही. ती होती तिथं नेऊन टाकायची, वर हळदकुंकू आणि अर्धी भाकरी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूनं खणायचं.

"खापर घराचं असतंय," आबा म्हणायचे, "बांगडी मानसाची."

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आबा आणि चुलतभाऊ औंधाकडं एका लांबलचक कामावर गेले होते. आमच्या शेजारच्या गावात, रस्त्याकडं पाठ केलेलं एका फौजीचं घर होतं. त्याची मागची भिंत पावसात बसली होती आणि माळवदाला खाली लाकडांचे धीरे देऊन ठेवले होते. फौजी रजेवर आलेला. तो आमच्या दारात आला तेव्हा मी एकटाच घरी होतो.

"तुझा बाप कवा येनार?"

"बाप कशाला पायजे? भिंत मी बांधतो."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "गड्या, मिसरूड तरी फुटलंय का तुला? टाइम न्हाई माझ्याजवळ. छुट्टी खतम व्हायच्या आत आईच्या डोक्यावर पक्कं छप्पर पायजे."

"भितीला मिसरूड लावायचं न्हाई, माती लावायचीय."

त्याची आई त्याच्या मागं उभी होती. ती खुदकन हसली. "घे रं ह्येला. तोंड हाय म्हंजी हातबी असत्याल."

मी आबांच्याच दरानं काम मागितलं. फौजी चिडला, दोनदा उठून चालायला लागला. दोन्ही वेळा मी त्याच्या पायांकडं बघत होतो. टाचा जायला निघाल्या होत्या, चवडे निघाले नव्हते. मी गप्प राहिलो आणि तो परत फिरला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. पुढं मी शेकड्यांनी सौदे केले, पण माणसाच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायचं, हे त्या दिवशी शिकलो ते कायमचं.

भिंत चांगली चढत होती. थर रोज बोलत होता. निम्म्याहून वर गेल्यावर एका सकाळी माती तुडवताना टाचेला काही टोचलं. पाय उचलून पाहिलं तर हिरवी काच. वाकून हात घातला तर आणखी एक. मग आणखी. बांगड्या लहान मनगटाच्या होत्या, नुकतं लग्न झालेल्या पोरीच्या असाव्यात तशा.

मी चिखलात उभा राहून विचार केला. ही माती टाकली तर नवी आणायची, ती तुडवायची, मुरवायची. तेवढ्यात फौजीची रजा संपणार. तो मधेच गेला तर लोक म्हणणार, पोरानं भिंत अर्धी सोडली. मी हाताला लागले तेवढे तुकडे वेचले, बांधाला नेऊन पुरले आणि तुडवत राहिलो. हे मी चूक म्हणून सांगत नाही. काचेनं भिंत कमजोर होत नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आज कुणाशीही पैजेवर सांगेन.

आबा परत आले तेव्हा माळवदाचा भार नव्या भिंतीवर आला होता आणि धीरे काढले होते. फौजी परवा जाणार होता. आबांनी अंघोळ केली, धुतलेला पटका बांधला. फौजीच्या आईनं भाकरी फडक्यात बांधून हातात दिली. दारात आळी जमली होती. माझा चुलतभाऊही होता.

आबांनी भिंतीवर थाप मारली. कान लावला. खालून वर, एकेका थराला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि शप्पथ सांगतो, ते तोंड सैल होत चाललं होतं. मग वरच्या एका थरावर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी नखानं जरा खरवडलं. मसुराच्या डाळीएवढं काहीतरी हिरवं चमकलं.

"हे काय?"

"काच."

"बांगडी."

मी मान हलवली.

"थांबलावतास?"

"न्हाई. त्येंची रजा संपत आलीवती."

आबांनी अंगठ्यानं तो ठिपका झाकला. मग हळूच, जणू कुणी झोपलेलं आहे अशा आवाजात म्हणाले, "ह्या भितीत कुनाचातरी हात हाय."

त्यांनी भाकरीचं फडकं म्हातारीच्या हातात परत दिलं आणि चपला घातल्या. फौजी पुढं झाला. "आवं आबा, भिंत पक्की हाय का कच्ची, एवढं तरी सांगून जावा. मी म्हातारीला हितं सोडून निघालोय."

आबा गर्दीतून वाट काढत निघून गेले. चुलतभाऊ त्यांच्या मागं. लोक माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "बापच बसत न्हाई म्हनल्यावर."

तेव्हा म्हातारी आत आली. पदर खोचला, भिंतीला पाठ लावून बसली आणि फडकं सोडून भाकरी खायला लागली.

"आई, ऊठ," फौजी म्हणाला.

"कुनीतरी बसायलाच पायजे की," ती घास चावत म्हणाली. "मला दोन दात हायती. जरा वेळ लागंल, तवर थांबा."

लोक हसले. फौजीही हसला. भिंत उभी राहिली. पण म्हातारीनं लावलेली पाठ आमच्या पद्धतीत धरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. आबा ऐकत राहिले. शेवटी मी विचारलं, "भिंत वाईट हाय का? एवढंच सांगा. वाईट हाय?"

"वाईट भिंत पडती," ते म्हणाले. "चांगली झिजती. बघशील तवा बघशील."

याच्यापलीकडं त्यांच्या तोंडून त्या भिंतीबद्दल एक शब्द मी कधी ऐकला नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मातीत मिसळायला पाणी नव्हतं, बांधकामं थांबली. मी खडी फोडायला गेलो, तिथून कडेगावकडं एका वीटभट्टीवर. उसाचा पैसा येऊ लागला तशी लोकांना पक्की घरं हवी झाली. जुनी मातीची घरं पाडायची आणि त्यातलं लाकूड मातीमोलानं द्यायचं, अशी घाई उठली होती. मी त्या घाईत घुसलो. तुळया, खांब, चौकटी, दारं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या कुठलं लाकूड बाभळीचं, कुठलं सागाचं आणि कुठल्या तुळईच्या पोटात वाळवी आहे, ते मला कळायचं. थाप मारून ऐकायची सवय होतीच. आबांची विद्या मी अशी वापरली. ते घरं उभी करत होते, मी उतरवत होतो. पैसा मिळाला, ट्रक घेतला. चुलतभावानं साखर कारखान्यात नोकरी धरली. ज्याच्या भिंतीला पाठ लागली होती त्यानं पुन्हा मातीला हात लावला नाही. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

मधल्या काळात आबा गेले. ते होते तोवर सणावारी मी घरी जायचो, आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सौद्यात दोघंही पक्के असले की माल जागेवर कुजतो.

ते गेल्याला वर्ष झालं असेल. निरोप आला की फौजीचं घर उतरवायला निघालंय. तो पेन्शनीत आला होता, पुण्याला कुठल्याशा कारखान्यात पहारेकरी झाला होता आणि आईला घेऊन जाणार होता. लाकूड सागाचं. मी स्वतः गेलो.

म्हातारीनं मला लगेच ओळखलं. आता दातही नव्हते. "आला का मिसरूडवाला? बरं फुटलंय की आता."

ती उंबऱ्यावर लुगड्यात पाय दुमडून बसली, बोटसुद्धा दिसेना. मी तुळयांना नावं ठेवली. ती म्हणाली, मग कशाला आलास एवढ्या लांब, भूक लागलीवती का. मी म्हणालो, चौकट फुगलीय. ती म्हणाली, तूबी फुगलाईस, तुला कोन कमी भावानं इकतंय का. मी उठून चालायला लागलो. तिनं हाक मारली नाही. शेवटी मीच परत फिरलो. तशी ती काठी टेकत उठली.

"ये, तुला भिंत दावते."

"भिंत मला नगं. मला लाकूड पायजे."

"ये रं."

तिनं मला घराच्या मागं नेलं, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. भिंत चुन्यानं पांढरी होती. खाली, माणूस बसला तर त्याची पाठ येईल तिथं, एक काळपट डाग होता. वर दोन्ही बाजूंना रुंद, खाली निमुळता. मधे माती किंचित खोल गेलेली, गुळगुळीत.

"चुना दिला की चार दिस दडतोय, पुन्ना वर येतोय," ती म्हणाली. "तेल आणि घाम. तुज्या बापाचा."

मी वाकून त्यावरून हात फिरवला.

"दर बाजाराला यायचे. हितं बसायचे. मी म्हनायची, आवं आत या, च्या घ्या. न्हाई म्हनायचे, हितंच बरा हाय. पाठ टेकून भाकरी खायाचे."

"भाकरी खायचे?"

"अर्धी. अर्धी भितीच्या बुडाला ठेवायचे. कुत्रं न्यायचं."

माझ्या छातीत जे वर आलं होतं ते तिथंच थांबलं. अर्धी भाकरी कुणासाठी ठेवतात ते मला माहीत होतं. तरी मी विचारलं, "काय बोलायचे का?"

"माझ्याशी कशाला बोलत्याल? भितीशी बोलायचे." तिनं तळहात त्या डागाच्या वर ठेवला आणि लेकराला थोपटावं तसं थोपटलं. "असं. 'झोप गं बाय, झोप.' असं म्हनायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला लागलं याड."

"कान लावायचे का? भितीला?"

"आता ते कोन बघतंय?"

मी तिथं उभा राहिलो. भर दुपार होती, समोर रस्त्यावरून बैलगाड्या जात होत्या, आणि माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता. इतकी वर्षं, दर बाजाराला, हा माणूस माझ्या भिंतीला पाठ लावायला येत होता. पण भिंतीसाठी नाही. माझ्यासाठी तर नाहीच. कोण कुठली पोर, किती काळापूर्वी मेलेली, नाव ना गाव, तिला त्यांनी जे दिलं ते पोटच्या पोराला दिलं नाही. आणि बाहेरच्या अंगाला, जिथं दारातून बघणारं कुणी नाही, तिथं बसून दिलं.

त्या रागात मी सौदा पुरा केला. म्हातारीनं सांगितलेल्याच भावानं. असं मी आयुष्यात एकदाच केलं.

आठवड्यानं माणसं नेली, माळवद उतरवलं, लाकूड ट्रकवर चढवलं. मुकादमानं विचारलं, "भिंत ढकलू का? एका पहारीचं काम हाय."

"हात लावायचा न्हाई तिला."

त्याला वाटलं मला दया आली. दया नव्हती. डोक्यावर माळवद नसलेली मातीची भिंत एक पावसाळा काढत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मला ती पडायला हवी होती. एका रात्रीत, बुडासकट, आडवी. म्हणजे आबा खरे ठरले असते आणि माझा हिशेब मिटला असता.

पावसाळ्यानंतर मिरजेहून कवठ्याच्या एसटीत मुद्दाम खिडकीशी बसलो. घर होतं तिथं आता मोकळी जागा, आणि भिंत उभी. वरच्या कडा गोल झाल्या होत्या, एवढंच. पुढच्या वर्षी वरचा थर नव्हता. कापून काढावा तसा तेवढाच गेला होता, खालचा जागच्या जागी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. जशी चढवली होती तशीच उतरत होती, थराथरानं, कुठं भेग नाही, कुठं झुकणं नाही. वाईट भिंत पडते. मी खिडकीची दांडी घट्ट धरून बसलो होतो. हे बघायला आबा नव्हते.

मग एका वर्षी उन्हं कलताना एसटी तिथून गेली आणि भिंतीच्या माथ्यावर बारीक हिरवं काहीतरी लुकलुकलं. एका ठिकाणी नाही, पुऱ्या लांबीत. तो थर उघडा पडला होता.

शेजारी बसलेल्या माणसानं माझं बघणं पाहिलं. "तिकडं बघू नगा, पावनं," तो म्हणाला. "तिथं बाई हाय म्हनत्यात. पोरगी. गुरंसुदीक त्या बाजूला चरत न्हाईत."

"भिंत कुणी बांधलीवती?" मी विचारलं.

"ते काय म्हाईत न्हाई."

त्याला मी काही सांगितलं नाही. तिचं नाव कुणाला माहीत नाही तरी गाव तिला ओळखतं. माझं नाव वखारीच्या पाटीवर आहे, ट्रकवर आहे, पण त्या भिंतीपाशी मला कोणी ओळखत नाही.

आता काचेचा थरही गेला. त्याची माती पावसाबरोबर बुडाशी साचली असेल, तुकड्यांसकट. ती पोर मोकळी झाली असं आबा म्हणाले असते. पाठीचा डाग खालच्या थरावर आहे, तो अजून राहिला आहे. एसटी तिथं थांबते, हात केला तर. मी अजून उतरलो नाही. उतरलो तर आतल्या अंगाला बसायचं की बाहेरच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.